नकाशातली हरभऱ्याएवढी जागा

डॉ. वासंतीताईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती झरीजवळच्या आमच्या हरभऱ्यात, तारेच्या कुंपणापाशी. हरणं आत येऊ नयेत म्हणून तारेला झटका मशीन जोडलेलं असतं. ताई हातात ॲन्टेना धरून, वाकून त्या मशीनची टिकटिक ऐकत होत्या.

"बाई, तारेला हात लावू नका, फेकून देईल. काय हरवलंय?"

"हरवलं नाही आजी, सापडलं! ही टिकटिक आमच्या यंत्रात घुसत होती, आणि तिचं मूळ आम्ही कालपासून आभाळात शोधत होतो."

शेजारच्या माळावर त्यांनी मोठ्या ॲन्टेना मांडल्या होत्या. आपल्या आकाशगंगेत चुंबकाचा जोर कुठं, किती आणि कोणत्या दिशेनं आहे, याचा नकाशा करण्यात त्यांची हयात गेली. न दिसणारं मोजायचं कसं, असं मी विचारलं. मी वाती वळत होते. त्यातलीच एक उचलून त्या म्हणाल्या, "दुरून रेडिओच्या लहरी येतात, त्यांना वाटेत असा पीळ पडतो. पीळ मोजला की वाटेतलं चुंबक कळतं."

"अन् हे चुंबक तिथं ठेवलं कुनी?"

"तेच तर मलाही माहीत नाही, आजी!"

एवढ्या शिकलेल्या बाईंनी 'माहीत नाही' इतक्या आनंदानं म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. माझी नात त्यांची विद्यार्थिनी, हे तीच लिहून घेते आहे. ती सांगते, वर्गातही ताई अशाच.

आमच्या मशीननं त्यांची मोजणी बिघडायची. दुपारी ते बंद ठेवाल का, असं त्यांनी विचारलं.

"मंग हरणं कोण हाकलंल? घाटे भरायलेत. वर्साची डाळ हाय ती."

"मी हाकलेन," ताई म्हणाल्या.

आणि खरंच, डोक्याला पदर गुंडाळून, पितळी ताट घेऊन त्या बांधावर उभ्या राहिल्या. ताट मात्र आरतीला वाजवावं तसं नाजूक वाजवत. हरणं थांबून ऐकायची.

"ताई, हाकलायलात का बोलवायलात?"

शेवटच्या दुपारी नकाशाचा शेवटचा तुकडा मोजणं चालू होतं. संध्याकाळी सगळं सामान परत जायचं होतं. तेवढ्यात लय मोठा कळप तारेशी आला. ताईंनी एकदा ॲन्टेनाकडे पाहिलं, एकदा हरभऱ्याकडे, आणि त्या ओरडल्या, "आजी, मशीन लावा!"

कळप पळाला. मोजणी वाया गेली. विद्यार्थी हळहळले, तेव्हा ताई म्हणाल्या, "आकाशगंगा आहे तिथंच राहील. हरभरा राहिला नसता."

पुढं नकाशा दाखवायला त्या मुद्दाम घरी आल्या. रंगीत रेघा, नदीच्या पाण्यासारख्या वळत गेलेल्या. मी बघतच बसले. कडेला हरभऱ्याएवढी पांढरी जागा होती.

"हे काय राहिलं?"

"तुमचा हरभरा, आजी."

"तो कुठं राहिलाय? पुरणात गेला की!" मी म्हणाले, आणि पोळी त्यांच्याच ताटात वाढली.

आता ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. बाकीचे त्यांना विश्रांती घ्या म्हणतील, मी म्हणणार नाही. त्यांना निरोगी आणि भरपूर लांब आयुष्य लाभो, गुडघे बांधावर चढण्याजोगे राहोत. अन् ताई, तेवढी पांढरी जागा भरायला या. मशीन बंद ठेवते. ताट मात्र मी वाजवणार.