बाळाचे ठोके आणि शेठची घंटा

फीटोस्कोप लक्ष्मीच्या पोटावर टेकवला, कान लावला, आणि मला शेजारच्या शेठची घंटा ऐकू आली. दुसरं काहीच नाही. जागा बदलून पाहिली. पुन्हा घंटाच.

फीटोस्कोप म्हणजे अॅल्युमिनियमचं लहानसं नरसाळं. रुंद तोंड आईच्या पोटावर, दुसरं टोक नर्सच्या कानाला. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या छोट्या प्रसूतिगृहात पोटातल्या बाळाची खबर कळायची ती एवढ्यावरच. ठोके मिनिटाला एकशेवीस ते एकशेसाठ असावेत. कळ आली की थोडे मंदावतात, ओसरली की परत येतात. परत आले नाहीत तर बाळ गुदमरतंय असं समजायचं आणि ताबडतोब सिव्हिल गाठायचं, कारण ऑपरेशनची सोय आमच्याकडे नव्हती.

बाराच्या सुमारास लक्ष्मीचं पाणी गेलं ते हिरवट. म्हणजे बाळाने आतच शी केली होती. हे कधी साधं असतं, कधी जिवावरचं. कुठलं, ते ठोके सांगतात. कळा जोरात होत्या. ठोके चांगले असतील तर तिला हलवणं धोक्याचं, वाटेतच बाळंत व्हायची. वाईट असतील तर न हलवणं धोक्याचं. तिची आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी काही ऐकू आलेलं नसताना "ठीक आहे गं" म्हणत होते. मला माझीच चीड आली.

शेठ सुताचे मोठे व्यापारी. आमची इमारतही त्यांचीच. आदल्या संध्याकाळी घराला नवीकोरी चोरघंटा लावून ते सहकुटुंब तिरुपतीला गेले होते. चोर आधी वीज तोडेल, या हिशोबाने ती अशी जोडली होती की वीज गेली की बॅटरीवर वाजायला लागेल. आता, त्या उन्हाळ्यात वीजकपात रोजची. निम्म्या गावाचे माग बंद पडायचे. सुताच्या व्यापाऱ्याला हे ठाऊक नसावं? अकराला वीज गेली, घंटा सुरू झाली. साडेअकराला वीज आली, घंटा चालूच; ती थांबवायचं बटण घराच्या आत.

आमच्या डॉक्टरबाईंनी पोलीस चौकीला फोन केला. हवालदार आले, कानात बोटं घालून कुलपाकडे बघत उभे राहिले.

"मालक न्हाईत तर कुलपाला हात कसा लावायचा ओ बाई? पंच लागतील. तुमी अर्ज लिहून द्या की."

"आत पेशंट अडलीय. अर्ज कसला?"

"अर्जाबिगर मला काय करता येत न्हाय."

मी तशीच पांढऱ्या साडीत समोरच्या पेढीवर गेले. किल्ली शेठच्या दिवाणजींकडे होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"शेठ सांगून गेलेत, किल्ली कुणाला द्यायची न्हाय."

"मला नको. तुम्ही स्वतः उघडा, घंटा बंद करा, पुन्हा कुलूप लावा."

"आत तिजोरी हाय, सिस्टर. मी उघडलं आन उद्या काय कमी निघालं तर नाव माझं. मला बी लेकरंबाळं हायत."

"त्या बाईलाही एक हवंय," मी म्हटलं. दिवाणजींनी मान खाली घातली, पण किल्ली काढली नाही.

परत आले तेव्हा एक वाजत आला होता. लक्ष्मीचा नवरा अंबादास व्हरांड्यात उभा होता. तो यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सकाळपासून तो तिथेच येरझाऱ्या घालत होता. आता तो शेठच्या भिंतीकडे बघत होता.

"सिस्टर, कुलपाचं काय काम? घंटा तर भाईरच हाय की."

मी वर पाहिलं. आमच्या व्हरांड्यासमोरच, छपराखाली, लोखंडी जाळीच्या पेटीत घंटा वाजत होती. दीड तास आम्ही सगळी शहाणी माणसं दार, कुलूप, किल्ली आणि मालक करत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यात मीही होते.

"जाळीतून हात जाईल?"

"हात कशाला? ह्ये जातंय की." त्याने खिशातून एक चपटा आकडा काढला. मागाच्या फणीतून धागा ओढायचा. सोबत तेल पुसायच्या सुताचा बोळा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिस्टर, त्यांच्या वस्तूला हात लावू नका. जागा त्यांची आहे, आपल्याला इथेच राहायचंय." हवालदारही पुढे सरसावले, "ओ, केस होईल."

"करा. माझं नाव लिहा," मी म्हटलं आणि व्हरांड्यातली शिडी भिंतीला लावून स्वतः धरली.

अंबादासने आकड्याने बोळा जाळीतून सारला आणि घंटेची हातोडी व वाटी यांच्या मधे दाबून बसवला. घंटा नुसती खरखरली. माझ्या कानात मात्र ती अजून वाजतच होती. मी धावत आत गेले, कळ ओसरायची वाट पाहिली आणि घड्याळ धरून मोजलं. ब्याण्णव. पुढच्या कळेनंतर अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरबाईंनी मग एका शब्दाने वाद घातला नाही. त्यांच्या फियाटमधून आम्ही तिला सिव्हिलला नेलं. ऑपरेशन झालं. मुलगी. रडायला तिने बराच वेळ घेतला, पण रडली. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. तिथले डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता तर आणून उपयोग नव्हता." मला ते दीड तास आठवले. भीती नाही वाटली, संताप आला.

आठव्या दिवशी शेठ आले. कपाळावर गंध, हातात तो तेलकट बोळा.

"हे कुणी केलं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी नको म्हटलं होतं, शेठजी."

"मी केलं," मी म्हटलं.

"आणि चोर आला असता म्हणजे?"

"बरं झालं असतं. त्याने आल्या आल्या आधी घंटा बंद केली असती."

शेठ बोळा टेबलावर ठेवून निघून गेले. दिवाणजींनी त्यांना मुलीचं सांगितलं असावं, कारण संध्याकाळी दिवाणजीच किल्ली घेऊन आले आणि म्हणाले, "शेठ गावाला गेले की ही तुमच्याकडं ऱ्हाईल." प्रसूतिगृहाच्या भिंतीवर कात्र्यांच्या शेजारी मी तिच्यासाठी खिळा ठोकला. पुढे त्या घंटेसाठी मी शेठचं घर किती वेळा उघडलं याची गणती नाही. तिजोरी कुठे आहे ते मला अजून माहीत नाही.

घंटा लावणाऱ्याने ती बंद कोण करणार, ते आधी ठरवावं. ठरवलं नसेल तर गल्लीत एक जॉबर असावा. माझा राग मात्र त्या बोळ्याने बंद झाला नाही, तो अजून वाजतो.