पुढचं वाजव म्हणतात

गच्चीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं फडफडत होते. त्यांचा मी मोबाइलवर छोटासा व्हिडिओ केला आणि त्याला स्वतः पेटीवर वाजवलेली धून जोडली. व्हिडिओ संपला तिथं धूनही तोडून टाकली. ती पुरी झाली नव्हती, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही; व्हिडिओ तसाच इंटरनेटवर टाकला.

काल तीच धून एका अनोळखी मुलीच्या व्हिडिओत ऐकू आली. तिचे वडील आजारपणातून उठून भिंतीला धरून पुन्हा चालायला शिकत होते. एक पाय उचलायचा, थांबायचं, मग दुसरा ओढायचा. दाराजवळ येता येता त्यांनी पाऊल उचललं आणि माझी धून संपली. व्हिडिओही तिथंच संपला.

मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. आपण घरात सहज काहीतरी वाजवतो आणि ते कुठल्या घरात, कुणाच्या पावलांशी जाऊन पोचतं! शेवटी मी तिला लिहिलं, "ही धून माझी आहे. तुमचे बाबा दारापर्यंत पोचले का?"

तिचं उत्तर आलं, "नाही हो ताई, थकून खाली बसले. पण चालताना रोज हीच लावायला सांगतात. तुटली की चिडतात, पुढचं वाजव म्हणतात. पाठवाल का पुढचं?"

पुढचं मी केलंच नव्हतं. सकाळपासून पेटी घेऊन बसले आहे. हात आपल्या सवयीच्या वेगानं पुढं निघून जातात आणि बाबा मागं भिंतीपाशीच राहतात.