धामणीच्या धनुष्याची पाठ

आमच्या भांडुपच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त. त्यामुळे जंगलातल्या आदिवासी पाड्यांविषयी आम्ही पथनाट्य बसवलं, तेव्हा नायिकेच्या हातात दुकानातलं प्लास्टिकचं धनुष्य देणं मला खोटं वाटलं. मी घडवीन, असं सांगून बसले. रविवारी प्रयोग होता आणि शेवटच्या प्रवेशात नायिका झालेली माझी मैत्रीण ते पूर्ण ताणणार होती.

मामानं गावाहून धामणीच्या झाडाची वाळलेली काठी आणली. बाबा साकीनाक्याच्या एका गाळ्यात फर्निचर करतात, तिथेच काम मांडलं. धनुष्य पोटाकडून तासायचं, म्हणजे ताणणाऱ्याकडच्या बाजूनं. थोडं तासायचं, भिंतीवरच्या खुंटीला अडकवायचं, कप्पीवरून दोरी ओढायची, आणि दोन्ही टोकं सारखी वाकतात का ते लांबून बघायचं. मग पुन्हा तासायचं. यात चार दिवस गेले.

शनिवारी दोरी ओढताना ‘टिक’ असा बारीक आवाज आला. धनुष्य मोडलं नाही. उतरवून पाठीवरून, म्हणजे बाहेरच्या बाजूवरून, बोट फिरवलं, तर लाकडाचा केसाएवढा एक धागा उभा राहिला होता. पहिल्या दिवशी मी पाठीवरूनही रंधा फिरवला होता. फर्निचरवाल्याची पोर मी, लाकूड दिसलं की सपाट करायचं, एवढंच हाताला ठाऊक. पण पाठीवरचे धागे अखंड असतील तरच ती बाजू ताण सोसते. मी ते जागोजाग कापून ठेवले होते.

तेवढ्यात मैत्रीण आली. झकास झालंय म्हणत तिनं ते उचललं आणि ओढायला लागली. मी हिसकावून घेतलं. ती चिडलीच.

“‘विकत नको, हातानं घडवा’ हे पत्रकात तूच लिहिलंस ना? आता काय फाटली तुझी?”

“हो, फाटली. तुझ्या तोंडासमोर मोडेल हे.”

तिचं म्हणणं, कप्पीवर टिकलं तर हातात का नाही टिकणार. बाबा म्हणाले, जाळून टाका आणि काठी घेऊन नाटक करा. ती ऐकेना. बाबांच्या गाळ्यात एक मालवणी रीत आहे: जेणा शिडी केली, तेणाच आधी चढाक व्हया. मी म्हटलं, हे मी घडवलंय, आधी मीच ओढते. बाबांनी ग्राइंडिंगचा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि मैत्रिणीला मागे ओढलं.

दोरी छातीशी आली. सोडून द्यावंसं वाटत होतं. पण सोडलं तर उद्या ती ओढणार. मी दोरी हनुवटीपर्यंत आणली.

आवाज पत्र्यावर दगड पडावा तसा झाला. वरचा तुकडा कपाटाला जाऊन लागला, एक ढलपी माझ्या डाव्या गालावर, चष्म्याच्या अगदी खाली, ओरखडा काढून गेली. हातात उरलेला अर्धा भाग मला खाली ठेवता येईना, बोटं उघडतच नव्हती.

मैत्रीण जवळ आली. तिनं माझं एकेक बोट सोडवलं. मग माझ्या चष्म्याकडे बघत ती स्वतःचाच डावा डोळा तळहातानं झाकून उभी होती.