पाटकऱ्याला रान नसावं

येरळेकाठच्या त्या गावात पाण्याची पाळी सगळे मिळून ठरवायचे, पण पाटाची दारं उघडायची-मिटायची चावी एकट्या सोपान पाटकऱ्याकडे. बावीस वर्षं. गावाचा जुना नियम असा, की पाटकऱ्याच्या नावावर पाटाखाली गुंठाभरही रान नसावं. सोपानकडे नव्हतंच, म्हणून तर हे काम मिळालं. पण हा नियम कशापायी, याचं त्याला भारी कुतूहल. रान असलं म्हणून सरळ माणूस काय वाकडा होतो? विचारलं की म्हातारे म्हणत, "आसतंय तसं."

मग मलकापुरात नर्स असलेल्या त्याच्या लेकीनं, दीक्षानं, पाटाखालचं वीस गुंठे रान बापाच्या नावावर घेतलं. सोपान बांधावर बसून ढसाढसा रडला. जन्माची हौस फिटली होती. पण आता चावी सोडायला हवी होती, आणि चावीशिवाय तो कोण?

बैठकीत पाणी संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब म्हणाले, "सोपानराव, तुमच्यावानी माणूस कुठनं आणायचा? रान बी ठेवा, चावी बी ठेवा. नियम ऱ्हाऊ द्या बाजूला." सगळ्यांनी माना डोलावल्या. सोपाननंही डोलावली, आणि मनात म्हणाला, बघू तरी, काय होतंय ते.

त्याची पाळी दुपारी बारा ते दोन. दोन वाजले तेव्हा मक्याच्या शेवटच्या तीन सऱ्या कोरड्या होत्या. पुढची पाळी शालूबाईची, आणि ती अजून आली नव्हती. सोपानचा हात चावीवर होता. पण हात फिरेना! तिन्ही सऱ्या भिजल्या, तेव्हाच दार मिटलं.

सकाळी त्यानं चावी लालासाहेबांपुढे ठेवली. "काल अकरा मिंटं शालूबाईचं पाणी खाल्लं मी."

"कुणी बघितलं?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर आलो."

चावी हरणाबाईकडे गेली. तिला रान नव्हतं. पुढच्या पाळीला तिनं ठोक्याला दार मिटलं. सोपानच्या दोन सऱ्या कोरड्याच राहिल्या.

"आगं, मका करपंल की!" तो ओरडला. ती पुढच्या दाराकडे चालू लागली.

सोपान तिच्या नावानं बोटं मोडत घरी निघाला. लय राग आला होता. तरी शालूबाईच्या रानात पाणी पोचलं का, हे तो वळून वळून बघत होता.