खोक्याला हात नको

"हे घ्या, हाताला काम," असं म्हणून बाई गिऱ्हाइकाच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर आजींपुढे पातेलं ठेवायच्या. पातेल्यात मोड आलेले वाल. "सोला सावकाश. घाई नाही. खोक्याला मात्र हात नको."

परक्याच्या घरी कामाला जाऊन तिथल्याच माणसांना वाल सोलायला बसवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मीही तोवर पाहिली नव्हती.

उल्हासनगरात घरसामान बोटीने परदेशी पाठवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये बाई आणि मी कामाला होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. अंबरनाथ-बदलापूरकडची मुलं भराभर परदेशात नोकरीला लागत होती आणि त्यांच्यामागून कुकर, पुस्तकं, देव्हारे निघत होते. मी ऑफिसात बसून विम्याचे कागद करायची. बाई माणसं घेऊन घरोघर सामान बांधायला जायच्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. खोकं बंद झालं की त्यावर मार्करने सही करायच्या, निम्मी टेपवर आणि निम्मी पुठ्ठ्यावर. टेप कोणी काढून पुन्हा लावली की सही जुळायची नाही.

हा सगळा खटाटोप विम्यासाठी. आम्ही बांधलेल्या खोक्यात काही फुटलं तर भरपाई मिळायची. घरच्यांनी बांधलं असेल तर खोक्यावर 'मालकाने भरले' असं लिहायचं. मग बोट बुडाली तर पैसे मिळणार, कप फुटला तर नाही. कप कसा गुंडाळला होता, हे विमा कंपनीला कोण सांगणार?

नियम साधा आहे, पण आपल्या लोकांना तो सोसत नाही. दुसरं कोणी आपल्या घरात राबतंय आणि आपण नुसतं बसून बघायचं, हे आपल्याला जमत नाही. त्यात रिकामं भांडं पाठवायचं नाही ही सवय. कात्रपच्या एका सासूबाईंनी बांधायला ठेवलेल्या कुकरमध्ये गुपचूप मेतकूट भरलं होतं. कुकरचं झाकण घट्ट बसेना म्हणून बाईंनी उघडलं, तर पिवळा धुरळा उडून आमची माणसं शिंकायला लागली.

"अहो, हे काय?"

"रिकामा कुकर बरा दिसतो का, सून उघडेल तेव्हा?"

त्यानंतर बाईंनी वाल सुरू केले. दोन दिवस आधी भिजवायच्या, फडक्यात बांधायच्या, मोड आले की पिशवीत घालून सोबत न्यायच्या. मी एकदा विचारलं, "आणि पुरुषांना काय देता?"

"पुरुषांना पेपर द्यायचा, मॅडम. ते आपोआप बसतात."

मी त्यांच्याहून लहान होते, तरी मला त्या मॅडम म्हणायच्या. त्यात मान थोडा आणि टोमणा जास्त असायचा, कारण मी खुर्चीवर बसून काम करत होते.

काम संपलं की त्या पातेल्यात डोकावून बघत. साली एकीकडे, डाळिंब्या एकीकडे असतील तर मला येऊन सांगायच्या, "त्या आजी ठीक आहेत." दोन्हीची खिचडी झाली असेल तर शेजारणीला दारात गाठून बजावायच्या, "आज यांच्याकडे जेवायला बसा. एकटं नका सोडू." सगळं घर बांधून झालं तरी एक कढई आणि फोडणीचं सामान त्या बाहेर ठेवायला लावत. डाळिंब्यांची उसळ त्याच घरात व्हायची.

चिखलोलीच्या काकूंचं पातेलं अगदी स्वच्छ होतं. त्यामुळे बाईही फसल्या.

काकूंचा मुलगा न्यूझीलंडला होता. सुनेला दिवस गेलेले. काकू बाळंतपणाला विमानाने जाणार होत्या आणि त्याआधी घरातला लाकडी पाळणा बोटीने पुढे पाठवायचा होता. मुलगा त्यातच वाढला होता. बाईंनी पाळण्याच्या कड्या काढल्या, कातीव दांड्यांमध्ये कागदाचे बोळे भरले, खोकं बंद करून सही केली. टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता.

दोन महिन्यांनी मुलाची चिडलेली मेल आली. पाळण्याच्या एका बाजूच्या दांड्या मोडल्या होत्या. 'तुमच्या माणसांनी पाळण्यात दगड टाकला आहे,' असं त्याने लिहिलं होतं आणि सोबत फोटो जोडले होते. मी बाईंना हाक मारली.

फोटोत दगड होता खरा. त्याच्या अंगात पिवळं झबलं होतं, डोक्यावर टोपडं होतं आणि गालावर काजळाची तीट.

बाईंनी फोटो नीट निरखला. "मॅडम, आपली माणसं दगडाला तीट लावतात का हो?"

तो वरवंटा होता. बारशाला बाळाआधी पाळण्यात घालतात तो. काकूंनी पहाटे खोकं उघडून, वरवंट्याला नटवून आत निजवला होता आणि टेप पुन्हा चिकटवली होती. दुसऱ्या फोटोत बाईंची सही दिसत होती, पुठ्ठ्यावरचा अर्धा भाग टेपवरच्या अर्ध्यापासून बोटभर सरकलेला.

आमच्या शेठना भांडण नको होतं. सिंधी माणूस, मनाने मोकळा आणि गिऱ्हाइकाला जपणारा. ते म्हणाले, "अरे बाई, लिख दो ना, पॅकिंग अपना ही था. क्लेम हो जाएगा, पार्टी खूश, बात खतम."

"शेठ, आज ह्या दगडाखाली सही केली, तर उद्या माझ्या हातचा खरा कप फुटेल तेव्हा कोण मानेल?" बाई म्हणाल्या. "मी नाही लिहिणार."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मीपण पाठवणार नाही." बाईंसाठी नाही. कागदाखाली माझंही नाव जायचं.

दुपारी आम्ही दोघी चिखलोलीला गेलो. काकूंनी फोटोचा प्रिंट हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"रिकामा पाळणा कसा पाठवू मी?" त्या म्हणाल्या. "समुद्रात हलत जाणार तो. रिकामा पाळणा हलवतं का कोणी?"

त्यांनी प्रिंट पालथा ठेवला आणि बाईंचा हात धरला.

"तुम्हीच टाकला असं लिहा ना, ताई. पैसे नकोत मला. पण मुलाला सांगू नका. मूल यायच्या आधी आजीनं पाळणा मोडला, असं म्हणेल सून. मी तिथं कोणत्या तोंडानं जाऊ?"

"विमा मागायचा नाही," बाई म्हणाल्या. "पाळणा मात्र बारशाआधी उभा राहील. ते माझ्याकडे लागलं. फोन तुम्ही लावा. आम्ही लावला तर चहाडी होईल."

काकूंनी फोन लावला. आम्ही समोर बसलेल्या. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. पलीकडे मागून बाईमाणसाच्या हसण्याचा आवाज आला, इतका मोठा की आम्हालाही ऐकू आला. सून नवऱ्याला म्हणत होती, "मी सांगत होते ना तुला, वरवंटा आहे म्हणून? आई, त्याला मी दुपट्यात ठेवलाय हो. थंडी आहे इथं."

काकू रडायला लागल्या. बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कामाचं बोलल्या. "दादा, एक धड दांडी काढ, तिच्याशेजारी पट्टी ठेव आणि फोटो पाठव. वरचा गोळा नीट दिसला पाहिजे."

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लाकूड कातून देणारा बाईंच्या ओळखीचा एक कातारी होता. फोटो पाहून तो म्हणाला, अशी नक्षी आता कोणी करत नाही. बाई म्हणाल्या, म्हणूनच तुझ्याकडे आले. त्याने लागतील त्यापेक्षा दोन दांड्या जास्त काढून दिल्या. काकूंनी त्या विमानाने न्यायच्या बॅगेत साड्यांमध्ये गुंडाळल्या. बाई शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"ही बॅग तुम्हीच भरा," त्या म्हणाल्या. "हिला माझी सही नाही."

बारशाचा फोटो आला तो शेठनी ऑफिसात लावला. पाळण्याच्या एका बाजूच्या दांड्या जराशा उजळ दिसतात, पण ते माहीत असणाऱ्यालाच. बाळाच्या पायाशी वरवंटा.

पुढे काही वर्षांनी बाईंच्या मुलीने त्यांना कॅनडाला बोलावून घेतलं. तिला दुसरं मूल होणार होतं आणि इथं बाई एकट्याच होत्या. कायमचं जायचं ठरलं. बाईंनी ते मला टेप कापता कापता सांगितलं.

"जमेल का तिथं?" मी विचारलं.

"न जमायला काय झालं? लोकांची घरं हलवली इतकी, माझं एक हलणार नाही?"

त्यांचं अंबरनाथचं घर बांधायला आमचीच माणसं गेली. मी त्या दिवशी मुद्दाम खुर्ची सोडून गेले. जाताना पातेलं नेलं. वाल मी दोन दिवस आधी भिजवले होते.

"हे घ्या, हाताला काम," मी म्हटलं. "खोक्याला हात नको."

"मला शिकवता, मॅडम?"

"बसा."

बसल्या. बसल्या जागेवरून हुकूम सोडत राहिल्या. हे आडवं ठेव, तो कागद कमी आहे, बरणी अशी धरतात का. माणसं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, हसत होती. खोक्यांवर सह्या मी केल्या, निम्मी टेपवर, निम्मी पुठ्ठ्यावर. शेवटी त्या उठल्या, आतून एक लहानसं खोकं स्वतःच बांधून आणलं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'मालकाने भरले.'

"काय आहे यात?"

"वरवंटा. एकटाच ठेवलाय, कोणाला मोडायला नको."

"आणि विमा?"

"दगडाला कसला विमा? तो फुटला तर आधी जहाज फुटलेलं असेल."

टेम्पो गेला. बाईंचं विमान दुसऱ्या रात्री होतं. डाळिंब्यांचं पातेलं त्यांनी झाकून माझ्याच पिशवीत घातलं होतं. रिकाम्या घरात उसळ करून खाणार कोण, असं म्हणाल्या. वाल सोलताना त्यांचा हात एकदाही थांबला नव्हता आणि तोंडही.

संध्याकाळी घरी येऊन मी पातेलं उघडलं. साली आणि डाळिंब्या सगळं एकत्र होतं. अर्धे वाल तर सोललेच नव्हते, नुसते बोटांनी चेपून टाकलेले.

मी ओट्याशी उभी राहून ते सगळे पुन्हा निवडले. मग त्यांना फोन लावला आणि म्हटलं, "उद्या निघायच्या आधी आमच्याकडे जेवायला या. नाही म्हणायचं नाही."

"पातेलं उघडलं वाटतं," बाई म्हणाल्या.

आल्या. दोनदा उसळ घेतली. मीठ कमी आहे म्हणाल्या.