रतनभाऊंच्या बातम्या आणि थावरूकाकांचा हुंकार

बोरी अरबला बदली होऊन आलो, तो नेमका बाजाराचा दिवस होता. बँकेच्या दाराबाहेरून आवाज आला, "दिल्लीत लोकसभा सुरू झाली." त्यावर दुसरा आवाज, "हो भाऊ."

"अन् लगेच बंद पडली."

"हो भाऊ."

मी शाखेचा मॅनेजर. बाहेर येऊन पाहतो तर आमच्या पायऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांतला एक आडदांड माणूस ठाण मांडून बसलेला, खालच्या पायरीवर लाल पागोट्यातला म्हातारा आणि समोर अर्धा बाजार. नवीन साहेबाचा रुबाब दाखवायची हीच वेळ, म्हणून मी पायऱ्या मोकळ्या करायला सांगितलं. तो माणूस जागचा हलला नाही. "साहेब, पायऱ्या सरकारी हायेत. मीबी सरकारीच हाये, पाच वर्षांसाठी." आमच्या भागाचे आमदार रतनभाऊ ते हेच.

रतनभाऊ नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यातले. तांड्यात कोणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांपैकी एकानं वाक्यागणिक हुंकार द्यायचा, ही जुनी रीत. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आमदार झाल्यावर भाऊंनी बातम्यांनाही तोच नियम लावला. मुंबईत विधानसभेत काय झालं, दिल्लीत संसदेत काय झालं, सगळं दर बाजारी सांगायचं आणि हुंकार द्यायचा थावरूकाकांनी. लाल पागोट्यातले हे काका नात्यानं त्यांचे चुलते. दिल्लीचं तुम्ही कशाला सांगता, असं मी एकदा विचारलं. "खासदार इकडं फिरकत नाहीत. त्यायचं काम मी फुकटात करून राह्यलो."

त्यांच्या बातम्यांत विरोधकांचं भाषण आपल्या पक्षाच्या भाषणाइतकंच नीट सांगितलेलं असे. "तो बोलला मुद्द्याचं, आमच्यावाल्याले उत्तर आलं नाही," असं सरळ सांगत. एकदा तर म्हणाले, "दुपारचं मले मालूम नाही. झोपलो होतो." काका तत्परतेनं म्हणाले, "हो भाऊ." माझा कॅशियर खिडकी सोडून ऐकायला जायचा. मी त्याला रागवायला म्हणून दारापर्यंत जायचो आणि तिथेच उभा राहायचो.

भाऊंची पंचाईत केली ती मिरच्या विकणाऱ्या गजराबाईनं. तिची नात शाळेसाठी नाला ओलांडून बोरीला यायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की शाळा बंद. पूल करतो म्हणून भाऊंनी मतं घेतली होती. गजराबाई भर बाजारात म्हणाली, "भाऊ, सगळ्यायचं बोलनं सांगता. तुमचं कवा सांगान?"

भाऊ खाली बघत म्हणाले, "बाई, तिथं हुंकार देत नाही ना कोनी. उलटे वरडतात. माह्या तोंडून दुसरं वाक्यच निंघत नाही."

यावर उपाय निघाला तो असा, की हिवाळी अधिवेशनाला काकांना नागपूरला न्यायचं. प्रेक्षकांच्या गॅलरीत त्यांनी भाऊंना दिसेल असं बसायचं आणि तोंड न उघडता फक्त मान हलवायची. काकांना सांभाळायला मी. आपण इथे काय करतोय, असं त्या गॅलरीत बसल्यावर मला वाटलं, पण तोवर उशीर झाला होता.

भाऊ उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात एक नाला आहे." काकांनी मान हलवली. "पावसाळ्यात त्याला पाणी येतं." काकांनी मान हलवली, पण ओठही थरथरायला लागले. मी त्यांचा गुडघा दाबून धरला. "लेकरं शाळेत जाऊ शकत नाहीत." आणि काकांचा आयुष्यभराचा आवाज सभागृहात घुमला, "हो भाऊ."

खाली हशा पिकला. सुरक्षारक्षकांनी काकांना दोन्ही दंडांना धरून उठवलं. भाऊंनी ते पाहिलं आणि हात जोडले. "अध्यक्ष महोदय, त्यायले बसू द्या. नाहीतर मले पुढचं येत नाही." हसणं थांबेपर्यंत घंटी वाजली. वेळ संपली होती.

मला वाटलं, या बाजारी भाऊ काही पायऱ्यांवर येत नाहीत. आले. अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. "काकाले बाहेर काढलं," असं म्हणाले तेव्हा काकांनी त्यालाही हुंकार दिला. शेवटी म्हणाले, "पूल माह्याच्यानं राह्यला." गजराबाई मिरच्यांवरचं फडकं उगाच झटकत बसली.

हे कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. निवडणुकीत विरोधी उमेदवारानं गावोगावी तेच ऐकवलं, वेगळं भाषण त्याला करावंच लागलं नाही. निकालानंतरच्या बाजारी भाऊ हजर. "निकाल लागला. मी पडलो." काका सवयीनं "हो भाऊ" म्हणाले आणि मग जीभ चावली.

आमदारकी गेली, बातम्या चालूच राहिल्या. नवा आमदार तरुण, बोलका, पण या पायऱ्यांना वचकून असे. अधिवेशनाआधी त्याचा फोन यायचा, बाजारात माझं काय सांगणार म्हणून. भाऊ म्हणत, "बोल्लास तं बोल्ला म्हनून सांगीन. झोपलास तं झोपला म्हनून." बिचारा बोलायला लागला.

माझी बदली झाली, त्याआधीचा शेवटचा बाजार. मी त्या दिवशी खुशाल पायरीवर बसलो होतो. भाऊ म्हणाले, "नाल्यावरचा पूल मंजूर झाला."

"हो भाऊ." काकांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"सभागृहात प्रश्न नव्या आमदारानं मांडला."

काकांनी हुंकाराऐवजी पागोट्याला हात घातला. भाऊंनी वाक्य पुन्हा म्हटलं. काकांनी पागोटं सोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.

"काका, खरी बातमी हाय. हुंकार द्या."

"तुमचं नाव घाला त्याच्यात," काका म्हणाले. "मंग देतो."

बाजार थांबून बघत होता. हुंकार नाही म्हणजे पुढचं वाक्य नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मला नागपूरचे ते जोडलेले हात आठवले. भाऊंनी काकांच्या पागोट्याचं सुटलेलं टोक नीट खोचून दिलं, गजराबाईकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "हो."

मग कोणाचीही वाट न बघता पुढचं वाक्य बोलले, "अन् लय चांगला मांडला."