निरवांगीला शिबिर का नव्हतं?

इंदापूर पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना हाताळलेलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात लोणी भापकरच्या एक वयस्क डॉक्टर बाई ठाण्यात आल्या. माणसांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्या नीतीने होतात की नाही, हे तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पळसदेवची एक आजी चक्कर येते म्हणून त्यांच्याकडे आली होती. गुडघेदुखीच्या मोफत शिबिरात तिला बिननावाच्या गोळ्या देत होते, वर सारखं रक्तही काढत होते.

"साहेब, हा उपचार नाही, चाचणी आहे. आणि माणसांना ते सांगितलेलंच नाही."

औषध निरीक्षकांना कळवून मी पळसदेव गाठलं. आजी अंगणात मासळी साफ करत बसली होती.

"कसल्या गोळ्या, ते विचारलं नाहीत?"

"डागदर म्हनला घ्या, आमी घेतल्या. डागदरला काय इचारायचं?"

शिबिराचा डॉक्टर ठाण्यात आला, तो वकील घेऊनच. "लोकांनी राजीखुशीने घेतल्या," यापलीकडे बोलेना. गोळ्यांचा साठा कुठेच सापडेना. त्यात काय आहे ते कळल्याशिवाय नेमका उपचार करता येत नव्हता आणि आजीची तब्येत ढासळत होती.

मग मी शिबिरांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला बोलावलं. तो निरवांगीचा.

"आसपासच्या सगळ्या गावांत शिबिरं झाली. तुझ्याच गावात का नाही?"

त्याने मान खाली घातली. मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. चौकशीत आवाज चढवण्यापेक्षा तेच जास्त कामाला येतं.

"तितं आय हाय माजी," तो शेवटी म्हणाला. "तिचंबी गुडघं दुखत्यात."

"मग तिला का नाही दिल्यास?"

"न्हाय देववल्या, सायेब." तो ढसाढसा रडू लागला.

त्यानेच भाड्याची खोली दाखवली. पंचांसमक्ष साठा जप्त झाला. प्रयोगशाळेतून घटक कळताच बाईंनी उपचार ठरवले. आमची जीप गावोगाव भोंगा लावून फिरली, "गोळ्या थांबवा!" बाईंनी प्रत्येकाला स्वतः तपासलं. आजीसकट सगळे बरे झाले. पुढे खटला उभा राहिला आणि आरोपी डॉक्टरला शिक्षा झाली.

तोपर्यंत जबरदस्ती म्हणजे मारहाण, धमकी एवढंच मी समजत होतो. माहिती लपवून घेतलेला होकार हीसुद्धा जबरदस्तीच, हे मला बाईंनी शिकवलं.

काही काळाने रीतसर परवानगी असलेली एक औषधचाचणी पळसदेवला आली. माहिती देण्यासाठी भरलेल्या गावसभेला बाईंनी मलाही बोलावलं. आजी सगळ्यांत पुढे बसली होती.

"गोळीत काय हाय? मदीच सोडली तर चालंल? काय झालं तर बगनार कोन?"

चाचणीच्या डॉक्टरांनी एकेक गोष्ट नीट समजावली. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि पदर सावरत उठली.

"मी न्हाय घ्यायची. पर समदं सांगितलंत, झ्याक केलंत. आता च्या घिऊन जावा."

सगळी सभा हसली. बाईंनी मात्र उभं राहून टाळ्या वाजवल्या.